परसातलं स्टेशन

माझे वडील रेल्वेत गार्ड होते, आणि मी सून म्हणून गेले त्या रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. लग्न ठरताना बाबांनी एवढी एकच तक्रार केली होती. मुलगा चांगला, माणसं चांगली, दाराशी आंब्याची कलमं. पण पोरीला भेटायला जायचं तर एसटीत बसून आंबा घाट उतरायचा, हे काही त्यांच्या पचनी पडेना. जन्मभर मिरजेहून सुटणाऱ्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यातून हिरवं निशाण दाखवलेला माणूस तो. घाटातल्या वळणांवर तोंडाशी रुमाल धरून बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. "तुमच्याकडे रेल्वे आली की येईन," असं ते सांगायचे. आमच्याकडचे सगळे त्यावर हसायचे, कारण कोकणात रेल्वे येणार हे रत्नागिरीतल्या प्रत्येकाने आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेलं होतं.

खरं कारण वेगळं होतं आणि ते मला ठाऊक होतं. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आमच्या माहेरचा जुना नेम. लग्नाला वर्षं होत गेली, मला मूल झालं नाही, आणि बाबा आले नाहीत. माझी विहीर कुठे, माझी चूल कुठे, सकाळी शाळेत शिकवायला जाताना मी कुठल्या पायऱ्या उतरते, यातलं त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. मला याचा फार राग यायचा. मी मुळातच तापट. त्यात वडील येत नाहीत याचं बोट फिरून फिरून माझ्याच पोटाकडे वळायचं. कुणी मुद्दाम दाखवत नसे, पण मला ते दिसायचं.

माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणायचे, चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उंच, काटकुळे, बोलण्यात तिरकस, आणि एखादी गोष्ट मनात घेतली की जेवणखाण विसरणारे. बाबांच्या रेल्वेच्या अटीवर ते कधी हसले नाहीत. माझे धाकटे दीर बोटीवर नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी जर्मनीहून खेळण्यातली आगगाडी आणली. खेळण्यातली म्हणजे काय, इंजिनच दीड वीत लांब, पाठोपाठ तीन डबे, बॅटरीवर चालणारी, आणि रूळ चांगले पितळेचे. तिकडे म्हणे लोक अशी गाडी घराबाहेर बागेत चालवतात. मामंजींनी खोका उघडला, इंजिन हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, आता तुझ्या वडलांना सबब उरली नाही गो."

मला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी पाहते तर परसात पोफळींच्या पलीकडे दोऱ्या लावून मोजमाप चाललेलं. आमचं परस उताराचं, जांभ्या दगडाचे बांध घालून टप्पे केलेले. त्यातल्या मधल्या टप्प्यावर, गुडघाभर उंचीच्या बांधावरून त्यांनी रूळ फिरवले. गाडी अबोलीच्या वाफ्याला वळसा घालायची, विहिरीच्या अंगाने जायची आणि फणसाखालून परत यायची. स्टेशन म्हणून गाडीबरोबरच आलेली पुठ्ठ्याची इमारत ठेवली होती. ती वळवाच्या एका सरीत विरघळून गेली. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, परदेशी स्टेशनाला इथलं पाणी मानवलं नाही.

तिथून मामंजींच्या डोक्यात सिमेंट शिरलं. रत्नागिरीच्या पावसात चार महिने उघड्यावर उभी राहील अशी इमारत हवी, तीही गाडीच्या मापाची, म्हणजे दार माझ्या मधल्या बोटाएवढं. लाकूड कुजणार, पत्रा गंजणार, माती वाहून जाणार. सिमेंट तेव्हा सहज मिळत नसे. कुणाचं बांधकाम निघालं की मामंजी तिथे हजर, आणि उरलेलं सिमेंट डब्यातून घेऊन घरी. गावात त्यांचे विद्यार्थी इतके की नाही म्हणायला कुणी धजावत नसे.

त्यांची पद्धत मोदकाच्या साच्यावरून आलेली. शिवणीच्या लाकडाची फळी घ्यायची आणि तिच्यात भिंत उलटी कोरायची. जिथे जांभ्याचा चिरा पुढे यायला हवा तिथे खोल, जिथे दोन चिऱ्यांमधली सांध हवी तिथे उंच. खिडकी हवी असेल तर तेवढाच लाकडाचा ठोकळा मध्ये उभा ठेवायचा. मग तेल लावून त्यात सिमेंट ओतायचं. मी गणित शिकवणारी, आकृत्या रोज काढणारी, पण ती फळी बघून भिंत कशी निघेल हे मला सांगता यायचं नाही. मामंजींना ते आधीच दिसलेलं असायचं. चिऱ्यांचा खडबडीतपणा यावा म्हणून ते कोरलेल्या जागी बाभळीच्या काट्याने बारीक टोचे मारायचे, एकेका चिऱ्यावर किती वेळ जातोय याची पर्वा न करता. मी अशी चिकाटी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. मी तर तिसऱ्या चिऱ्याला फळी विहिरीत टाकली असती.

पहिली चूक झाली ती अगदी आमच्या गावाला शोभणारी. समुद्र पायाशी आहे तर वाळू विकत कशाला आणायची, म्हणून किनाऱ्यावरची वाळू आणली. बारीक, पांढरी, चाळलेल्या पिठासारखी. स्टेशन झालं, सिग्नलची केबिन झाली, छोटा पूल झाला. घरादारानेच काय, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही वाखाणलं. मग पाऊस आला आणि गेला. ऊन पडल्यावर सगळ्या भिंतींना मीठ फुटलं. आतल्या लोखंडी तारा गंजून फुगल्या आणि केबिन उभी चिरली. पुलाचे तुकडे सासूबाईंनी केराच्या टोपलीतून नेले. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज खाल्लेले रोज बघणारी माणसं आम्ही, पण त्याच मिठावर स्टेशन बांधलं. मामंजी चिडले नाहीत. तुटलेल्या भिंतीचा तुकडा जिभेला लावून पाहिला आणि "लोणचं झालं" म्हणाले.

पुढच्या खेपेला देवरूखकडच्या नदीची वाळू आली, तीही धुऊन घेतलेली. लोखंडाऐवजी तांब्याची तार आली. आणि साच्याला लावायला पूर्णगडच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मुशी माशाचं तेल पाठवलं, होड्यांना चोपडतात ते. लाकडाला याच्यासारखं दुसरं तेल नाही, असा त्याचा निरोप होता आणि तो खराही होता. भिंती साच्यातून अलगद सुटल्या. फक्त तो वास सिमेंटात राहिला. आमचं घर शाकाहारी, पण आळीतली मांजरं नव्हती. रोज सकाळी बघावं तर स्टेशनावर पाच-सहा मांजरं, कुणी प्लॅटफॉर्म चाटतंय, कुणी छपरावर बसलंय. सासूबाई म्हणाल्या, "निदान उतारू तरी आले." ती सगळी इमारत सोडून द्यावी लागली आणि तिसऱ्या वेळी खोबरेल तेलावर काम झालं.

तिसऱ्या वेळी ते जमलं. त्या कामाकडे मी एरवी नुसती येताजाता बघायचे, पण आता सुट्टीच्या दिवशी तिथेच बसू लागले. कौलांचा लाल रंग वरून दिला तर उडणार, म्हणून जमिनीला घालतात तो लाल रंग सिमेंटातच कालवला. एकेक भिंत पाट्यासारखी आडवी ओतायची, ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, मग विहिरीजवळच्या दगडी डोणीत बुडवायची. सिमेंट वाळतं म्हणणं चूक, असं मामंजी सांगायचे. ते पाणी पिऊन घट्ट होतं, जितकं पाजाल तितकं टिकतं. डोण अडल्यामुळे सासूबाईंना कपडे बुचकळायला जागा उरली नाही. कुणी विचारलं की त्या शांतपणे सांगायच्या, स्टेशन भिजत घातलंय.

चारी भिंती उभ्या करून कोपऱ्यांत तारा पिळल्या, सांध्यांत सिमेंटचे गोळे भरले, वर उतरत्या कौलांचं छप्पर चढवलं. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून वळचण चांगली पुढे काढलेली. पावसाळ्यात मी छत्री घेऊन बघायला गेले होते. मापाने बघितलं तर त्या स्टेशनावर पडणारा एकेक थेंब घागरीएवढा. तरी ते उभं होतं, आणि पागोळ्या वळचणीवरून रांगेत गळत होत्या, अगदी आमच्या ओटीवरच्यासारख्या. भाद्रपदापर्यंत भिंतींना हिरवं शेवाळ आलं. मला ते खरवडून काढावंसं वाटलं, पण मामंजींनी अडवलं. आता कुठे ते इथलं झालंय, म्हणाले. मला त्या माणसाचं त्या दिवशी इतकं कौतुक वाटलं की मी ते तोंडावर बोलून दाखवलं. ते म्हणाले, जास्त ओलावा चांगला नाही, भिंतीला धरतो.

त्या दिवाळीला मी मिरजेला गेले ती भांडायच्याच तयारीने. माझ्या सासऱ्यांनी तुमच्यासाठी रेल्वे घातलीय, आता तरी या, असं मी बाबांना म्हटलं. ते हसले, इंजिनाची चौकशी केली, आणि विषय बदलला. मग मी सगळं बाहेर काढलं. गाडीवर असताना दहा गावचं पाणी पिणाऱ्या माणसाला लेकीच्या विहिरीचं तेवढं चालत नाही का, असं विचारलं. माझी आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"तुझी आई तुझ्या घरचं पाणी न पिता गेली," ते म्हणाले. "किती मनात होतं तिच्या. आता मी एकट्याने जाऊन कसं पिऊ, सांग बघू?"

इतकी वर्षं मी रूढीशी भांडत होते, आणि रूढीच्या आड हे निघालं. परत आले तेव्हा मामंजी परसात रूळ घासत बसले होते, तिथे जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना रडले. त्यांनी हात थांबवले नाहीत. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, की गाडीवर असताना तुझे वडील पाणी कुठलं प्यायचे. स्टेशनावरच्या नळाचं, मी म्हटलं, दुसरं कुठलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याची टाकी करायला घेतली. पूर्वी कोळशाच्या इंजिनांना पाणी द्यायला स्टेशनाजवळ असायची तसली, चार खांबांवरची गोल. आत पोकळी राहावी म्हणून मध्ये केळीच्या खांबाचा तुकडा उभा केला आणि भोवती सिमेंट ओतलं. केळ आतल्या आत सुकून आकसल्यावर ओढून काढली. खाली जुन्या पिंपाची पितळी तोटी बसवली. टाकी इतकी मोठी झाली की स्टेशन तिच्यापुढे खोपटासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, मामंजी, मापात चुकलं, नाकापेक्षा मोती जड झाला. ते म्हणाले, "तहान काय मापाने लागते?" तेव्हा मला कळलं ते काय करतायत ते, आणि मी पुन्हा मापाचं नाव काढलं नाही.

नवीन सिमेंटात पाणी ठेवलं की त्याला चुन्याची चव येते. मामंजी रोज टाकी विहिरीच्या पाण्याने भरायचे आणि दुसऱ्या दिवशी अळवाच्या खाचरात सोडून द्यायचे. थंडी गेली, मोहोर गेला, कैऱ्या धरल्या, तरी हे चालूच. चव बघायचं काम सासूबाईंकडे, कारण त्यांच्या जिभेला आमटीतला एक खडा मीठसुद्धा कळायचा. रोज त्या ओंजळभर पाणी तोंडात घ्यायच्या आणि नाही अशी मान हलवायच्या. चैत्र संपता संपता एकदा त्यांनी मान हलवली नाही. उरलेलं पाणीही पिऊन टाकलं आणि भाकरी थापायला आत गेल्या.

मग माझे यजमान कामासाठी मिरजेला निघाले, त्यांच्याबरोबर मामंजींनी बाबांना निरोप धाडला. नवा मार्ग तयार आहे. रेल्वेतल्या जाणत्या माणसाने तपासल्याशिवाय वाहतूक सुरू करणं नियमाला धरून नाही. आम्ही अडाणी माणसं, सिग्नल बरोबर लागलाय की नाही तेही कळत नाही. हा शेवटचा वार बरोबर बसला. चुकीचा सिग्नल कुठेतरी उभा आहे म्हटल्यावर बाबांना झोप लागणं शक्य नव्हतं.

ते मे महिन्यात आले. घाटाने त्यांचा चेहरा पार उतरवला होता. एका हातात पिशवी, पिशवीत दशम्या, आणि दुसऱ्या हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्या. तांब्या बघून मला जे समजायचं ते समजलं. सासूबाईंनी गूळपाणी पुढे केलं, तेव्हा आत्ताच प्यायलोय असं ते नम्रपणे म्हणाले. सासूबाईंनीही आग्रह केला नाही. मी त्यांना घर दाखवलं, विहीर दाखवली, शाळेच्या वाटेच्या पायऱ्या दाखवल्या. ते सगळं निरखून बघत होते आणि मी लहान मुलीसारखी पुढे पुढे धावत होते. दुपारी ओटीवर बसून त्यांनी स्वतःच्या दशम्या खाल्ल्या. उकाडा असा की बसल्या जागी घाम निथळत होता. त्यांनी तांब्या तोंडाला लावला, मान पूर्ण मागे टाकली, आणि तो रिकामा झाल्याचं मला आतल्या खोलीतून कळलं.

उन्हं कलल्यावर तपासणी झाली. बाबा टोपी घालून आले. वाकून रूळ बघितले, सिग्नलचा हात खालीवर केला, प्लॅटफॉर्मची उंची बोटं लावून मोजली आणि ती कमी आहे असा शेरा दिला. मामंजी शाळेतल्या पोरासारखे हात बांधून उभे. मग बाबांनी विचारलं, शेवटच्या डब्याला लाल खूण कुठे आहे. ती नसेल तर गाडी अख्खी आली की मधेच तुटून राहिली हे स्टेशनमास्तरला कळणार कसं. याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मामंजींनी जास्वंदीचं एक फूल खुडलं आणि शेवटच्या डब्याच्या मागे अडकवलं. मग गाडी सुटली. अबोलीला वळसा घालून ती फणसाकडे निघाली तेव्हा बाबांचा उजवा हात आपोआप वर गेला होता.

गाडी फेरी करून परत येईपर्यंत ते स्टेशनाजवळ बसून राहिले. चिऱ्यांवरून, शेवाळावरून, कौलांवरून बोटं फिरवली. हे खरंच पावसात उघड्यावर उभं होतं का, असं दोनदा विचारलं. आणि मामंजींना म्हणाले की मी आयुष्यात शेकडो स्टेशनं पाहिली, पण कुणी एवढ्या मायेने बांधलेलं पाहिलं नाही. मामंजी कौतुकाने अवघडायचे, तसे अवघडले. बाबांचे ओठ सुकलेले मला दिसत होते. ते पाणी मागणार नव्हते आणि मी देऊ शकत नव्हते.

मामंजींनी टाकीवरचं झाकण काढून आत बघितलं, परत लावलं, आणि साध्या आवाजात म्हणाले, "गार्डसाहेब, हे स्टेशन आहे, घर नव्हे. इथलं पाणी कुणा एकाचं नसतं. येणाऱ्याजाणाऱ्याने प्यायचं."

बाबांनी टाकीकडे पाहिलं, मग मामंजींकडे. टाकीचं माप इतकं मोठं कशासाठी, हे त्या माणसाला कळायला वेळ लागला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण त्यांनी माझ्याकडे बघून निर्णय करावा असं मला वाटत नव्हतं. विहिरीवर कुणीतरी रहाट ओढत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला. मग तोटी फिरवल्याचा आवाज आला.

पहिली ओंजळ भरली ती बाबांनी प्यायली नाही. बांधाच्या कडेला वाकून हळूच जमिनीवर सोडली. ती कुणासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दुसरी ओंजळ भरली आणि ते प्यायले. मग तिसरी, मग चौथी, दिवसभराची तहान ती. धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गोड आहे की गं, तुझ्या घरचं पाणी."